दुपारी नेट जातं, रात्री कॅमेरे जातात: चौथा स्विच घेण्याआधी घड्याळ बघा

"काय ओ, परत गेलं की!"

फोन उचलला की पलीकडून एवढंच. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. खाली माग, वर पत्र्याखाली ऑफिस. सहा कॉम्प्युटर, त्यातलाच एक टॅलीचा सर्व्हर, दोन प्रिंटर, आठ कॅमेरे. मी गाडी काढून पोहोचेपर्यंत नेट आपोआप सुरू झालेलं असायचं. दिवाणजी म्हणायचे, "तुम्ही आला की बरोबर चालतंय बघा, तुम्हाला भितंय ते." मी हसायचो, डबा उघडून दोन केबली काढून परत खोचायचो, चहा घ्यायचो आणि निघायचो.

असे दोन उन्हाळे गेले. तेवढ्यात अण्णांनी, म्हणजे मालकांनी, तीन स्विच बदलले. स्विच म्हणजे सगळे कॉम्प्युटर केबलींनी एकमेकांना आणि नेटला जोडणारी डबी. पहिला मे महिन्यात बदलला, पावसाळाभर काही तक्रार नाही. दुसरा ऑक्टोबरच्या उन्हात, हिवाळा सुखाने गेला. तिसरा मार्चमध्ये, चांगला महागाचा घेतला, तो एप्रिलमध्येच रुसला. चौथा आणायला ते नवी पेठेत निघाले तेव्हा मी म्हटलं, थांबा. पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेवा: किती वाजता गेलं, कुणाकुणाचं गेलं, किती वेळाने आलं.

दिवाणजींच्या अक्षरात अकरा नोंदी जमल्या. सात नोंदी दुपारी साडेबारा ते चारमधल्या, सगळ्यांचं एकदम गेल्याच्या. तीन नोंदी संध्याकाळी सातनंतरच्या, पण त्या फक्त कॅमेऱ्यांच्या, नेट त्या वेळी ठीक. आणि एक सोमवारी सकाळी दहाची, जिच्यापुढे दिवाणजींनी "सगळे दिवे वेड्यासारखे" असं लिहिलं होतं. एकाच तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी होती आणि आम्ही तिन्हींना नवा स्विच हे एकच औषध देत होतो.

तुमच्याकडेही नेट "सारखं जातं" अशी तक्रार असेल तर खरेदीआधी ही वही घाला. सोबत एक सोपी चाचणी करा. एका कॉम्प्युटरवर कमांडची काळी खिडकी दोनदा उघडा. एकीत राउटरच्या, म्हणजे बाहेरचं नेट आत आणणाऱ्या डबीच्या, पत्त्याला पिंग लावा ('आहेस का?' अशी हाक), बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गूगलचा पत्ता. दोन्हींच्या शेवटी डॅश टी (-t) लिहा, म्हणजे पिंग थांबत नाही. नेट गेलं की बघा. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तर तुमचा स्विच निर्दोष आहे, इंटरनेटवाल्याला फोन करा. राउटरच उत्तर देत नसेल तर दुखणं घरातलं आहे. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकारासाठी.

दुपारचं दुखणं

ऑफिसातला तो लोखंडी डबा पत्र्यापासून हातभर खाली, भिंतीला ठोकलेला. चोरी होऊ नये म्हणून कुलूप. त्या दिवशी मुद्दाम दोन वाजता गेलो. डबा उघडला तर आत स्विच, राउटर, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर आणि एकाच एक्स्टेन्शनवर दाटीवाटीने तीन अडॅप्टर. सगळ्यावर मागांवरून उडालेल्या रुईचा थर. बोटाने ओढला तर निरांजनातल्या वातीसारखा सलग निघाला. स्विचवर तळवा टेकवला आणि लगेच उचलला. बाहेर ४२ अंश होते, डब्यात ठेवलेला थर्मामीटर अर्ध्या तासाने ५८ दाखवत होता.

प्रत्येक स्विचच्या माहितीपत्रकात 'ऑपरेटिंग टेंपरेचर' अशी एक ओळ असते. घरगुती, छोट्या ऑफिसच्या स्विचला ती बहुतेक ० ते ४० अंश असते. हा आकडा स्विचला लागून असलेल्या हवेचा आहे. सोलापुरात मेमध्ये सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, मग पत्र्याखालच्या बंद डब्याची काय कथा! आतली चिप जळत नाही, ती गोंधळते, अडकते किंवा स्वतःला रीस्टार्ट करते. मी येऊन डबा उघडायचो, हवा लागायची, पाच मिनिटांत गाडी रुळावर. भितंय कसलं, त्याला वारा लागत होता. आणि तीन स्विच बदलून जे बरं वाटलं ते पावसाने आणि थंडीने केलं होतं.

उष्णतेचा दुसरा बळी अडॅप्टर. याकडे कुणी बघत नाही. स्विचचा ९ व्होल्टचा अडॅप्टर मल्टिमीटरला लावला तर ९.१ दाखवला, म्हणजे उत्तम. पण तो नुसता असताना. स्विच जोडून, सगळे पोर्ट, म्हणजे केबली खोचायच्या जागा, चालू असताना मोजला तर ७.४. आतला कपॅसिटर फुगलेला. कपॅसिटरचा ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. अण्णांनी कपाटात टाकून दिलेले आधीचे दोन "मेलेले" स्विच मी मागून घेतले, चांगला अडॅप्टर लावला, दोन्ही ठणठणीत. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, आणि पिनचं प्लस-मायनस जुळलं पाहिजे. १२ व्होल्टचा राउटरचा अडॅप्टर पिन बसते म्हणून ५ व्होल्टच्या स्विचला खुपसणारे महाभाग मी पाहिलेत. तो स्विच मात्र खरोखर मरतो.

उपाय फुकटात झाला. डबा पत्र्याखालून काढून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, उत्तरेच्या भिंतीवर आणला. एनव्हीआर वेगळ्या फळीवर. दाराला जाळी. दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारायचा. अण्णा म्हणाले पंखा बसवू. मी नको म्हटलं, कारण मागाच्या जागी पंखा हवेसोबत रुई आत ओढतो आणि आठवड्यात चोंदतो. अशा जागी बिनपंख्याचा, धातूच्या अंगाचा स्विच बरा. त्याचं अंगच उष्णता बाहेर टाकतं. आणि घेताना ० ते ५० अंश लिहिलेला शोधा, थोडे पैसे जास्त पडले तरी. उणे ४० ते ७५ अंश झेलणारे इंडस्ट्रियल स्विचही मिळतात. पण जागा बदलून काम भागत असेल तर त्यावर पैसे घालू नका, असं माझं मत.

जाता जाता एक. सर्व्हर यूपीएसवर होता, स्विच मात्र साध्या बोर्डवर. लाईट दोन सेकंद लुकलुकली की सर्व्हर जागचा हलायचा नाही, पण स्विच बंद होऊन परत सुरू व्हायचा आणि सगळ्यांची टॅली एकदम तुटायची. दोष टॅलीचा नव्हता, मधला पूलच पडत होता. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. सर्व्हरच्या मानाने त्यांना वीज अगदी किरकोळ लागते.

९४ चा आकडा

डबा हलवताना आणखी एक गोष्ट हाती लागली. इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट कायम ९४ च्या आसपास अडकायची. हा आकडा दिसला की डोळे झाकून समजा, वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा सांधा आहे. शंभरातले पाच-सहा माहितीभोवतीच्या पत्त्याबित्त्याच्या वेष्टनात जातात, उरतात ते ९४. म्हणजे स्विच जुना १०/१०० चा असेल, नाहीतर केबल.

इथे स्विच गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा होता, तिसरा महागातला. दिवाणजींच्या पोर्टचा दिवा मात्र पिवळा, बाकीच्यांचा हिरवा. कुठला रंग कुठल्या वेगाचा हे कंपनीगणिक बदलतं, स्विचवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. १०० एमबीपीएसला केबलीतल्या आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक जोडी तुटली तर दोन्ही टोकं आपसात तडजोड करून १०० वर येतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. केबल टेस्टर लावला तर सातवा दिवा पेटेना. कनेक्टर कापून नवा क्रिंप केला तरी तेच. मग तार ब्लेडने खरवडली. वरून तांब्याचा रंग, आत चंदेरी.

ही सीसीएची केबल, म्हणजे अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा. स्वस्त मिळते, दोन-चार वेळा वाकली की आतून तुटते, आणि अॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असल्याने कॅमेऱ्याला वीज पोचवताना वाटेतच गळती होते. केबल घेताना खोक्यावरचं नाव वाचण्यापेक्षा दुकानातच एक तार खरवडून बघा. दुकानदाराचं तोंड वाकडं होईल, होऊ दे. खोकं हाताने उचलून बघितलं तरी कळतं, शुद्ध तांब्याचं चांगलंच जड असतं. कॅट ५ ई या प्रतीची केबल शुद्ध तांब्याची असली तर गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते. छोट्या ऑफिसात कॅट ६ साठी हटून बसायचं कारण नाही.

रात्रीचं दुखणं

आता कॅमेरे. दिवसभर आठही दिसायचे. सात वाजले की सातवा आणि आठवा गायब व्हायचा, दोन मिनिटांनी यायचा, पुन्हा जायचा. रात्रभर हा लपंडाव. अण्णांना चोरांचा संशय. कॅमेरेवाला म्हणाला कॅमेरे खराब आहेत. ते दोन कॅमेरे मी पहिल्या आणि दुसऱ्या पोर्टला लावले, आणि त्या पोर्टांवरचे सातव्या-आठव्याला. रात्री ते चांगले म्हणवले गेलेले दोन गायब. कॅमेरे सुटले, संशय कॅमेऱ्यांच्या वेगळ्या पीओई स्विचवर.

पीओई म्हणजे एकाच केबलीतून नेट आणि वीज. आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ८०२.३ एएफ हे मानक २००३ चं. त्यात स्विच एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो, केबलीतली गळती धरून कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ पोचतात असं धरलेलं. २००९ चं ८०२.३ एटी ३० वॅटचं. आता गोम इथे आहे. खोक्यावर "८ पोर्ट पीओई" लिहिलेलं असतं, पण आठही पोर्टांना पूर्ण १५.४ द्यायचे तर १२३ वॅट लागतात. तेवढा दम स्विचच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये असेलच असं नाही. एकूण किती वॅट मिळतील तो आकडा, पीओई बजेट, वेगळा लिहिलेला असतो. अण्णांच्या स्विचचं होतं ६० वॅट.

हिशेब मांडला. सहा लहान कॅमेरे, दोन मोठे. मोठे लांबवरचं बघणारे, झूमवाले. दिवसा लहान कॅमेरा ४ वॅटच्या आसपास, मोठा ७. सहा चोक चोवीस आणि चौदा, झाले ३८. आरामात. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात. लहान जातो ७ वर, मोठा १२ वर. ४२ आणि २४, एकूण ६६. साठाच्या खिशातून सहासष्ट कसे निघणार? असे बरेच स्विच मग शेवटच्या क्रमांकाच्या पोर्टाची वीज तोडतात. कॅमेरा बंद, भार कमी, पुन्हा वीज, कॅमेरा सुरू, इन्फ्रारेड लागलं, पुन्हा तोड. हाच तो लपंडाव.

इथे मात्र नवा स्विच लागला. पण आपण काय घेतलं ते सांगतो, कारण दुकानात भलतंच गळ्यात मारतात. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या नेटला बहुतेक १०० एमबीपीएसच पुरतात, एका कॅमेऱ्याचं चित्र चार-सहा एमबीपीएसमध्ये जातं. त्यामुळे कॅमेऱ्यांसाठी आठही पोर्ट गिगाबिटचे घेणं म्हणजे पैसे उडवणं. पण स्विचपासून एनव्हीआर आणि मुख्य स्विचपर्यंत जाणारा अपलिंक पोर्ट गिगाबिटचाच हवा, कारण तिथे सगळ्यांचं पाणी एकत्र येतं. म्हणून आठ पोर्ट १०० चे पीओई, दोन अपलिंक गिगाबिट, बजेट १२० वॅट. माझा साधा नियम आहे: सगळ्या कॅमेऱ्यांचे रात्रीचे वॅट जोडा, त्यात एक चतुर्थांश मिळवा, त्याहून कमी बजेटचा स्विच हातात घेऊ नका. रात्रीचे वॅट म्हणजे कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातला 'मॅक्स' लिहिलेला आकडा.

या स्विचवर पुढे एक छोटी सरकती कळ असते, 'एक्स्टेंड' लिहिलेली. ती दाबली की केबल अडीचशे मीटरपर्यंत चालते, असं सांगतात. चालते खरी, पण पोर्ट १० एमबीपीएसवर उतरतात. झाडलोट करताना कुणाचं बोट लागून ती सरकली आणि सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं अडखळू लागली, असं एकदा जुळे सोलापुरातल्या एका बंगल्यात झालं होतं. अर्धा दिवस मी केबली तपासत बसलो. आता जातो तिथे आधी ती कळ बघतो.

सोमवार सकाळ

"सगळे दिवे वेड्यासारखे" ही नोंद वाचूनच मला अंदाज आला होता. रविवारी साफसफाई झाली होती. दिवाणजींच्या टेबलाखाली पाच पोर्टचा एक पोरका स्विच पडलेला. त्यातून निघालेली एक केबल जमिनीवर लोंबत होती, ती सफाईवाल्या मावशींनी नीटनेटकेपणाने त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचून ठेवली. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. सगळ्यांसाठी सोडलेला निरोप त्या फेऱ्यात फिरत राहतो, इथरनेटच्या, म्हणजे या केबलींच्या जाळ्यातल्या, निरोपाला मुदत नसते, आणि पाहता पाहता सगळं जाळं त्यातच गुदमरतं. सगळे दिवे एका लयीत, अखंड लुकलुकू लागले की याच गोष्टीचा संशय घ्या. एकेक केबल काढत जा; जी काढल्यावर दिवे शांत होतात ती चोर.

यावरचा तोडगा जुना आहे. स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधली, ती असा फेरा ओळखून एक वाट बंद करते. साध्या, अनमॅनेज्ड, म्हणजे ज्यात काही सेटिंग करता येत नाही अशा स्विचमध्ये ती बहुधा नसते. स्मार्ट किंवा मॅनेज्ड स्विचमध्ये ती किंवा 'लूप प्रिव्हेन्शन' असतं. ऑफिसात दहाहून जास्त माणसं असतील तर मुख्य स्विच तरी स्मार्ट घ्या. कॅमेरे आणि हिशेबाचे कॉम्प्युटर व्हीलॅन करून, म्हणजे एकाच स्विचमध्ये दोन वेगळी जाळी आखून, वेगळे ठेवता येतात, हा दुसरा फायदा. घरासाठी याची गरज नाही.

याच जातीचं आणखी एक दुखणं, थोडक्यात. जुना वायफाय राउटर स्विच म्हणून वापरला आणि त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद केलं नाही, तर जाळ्यात पत्ते वाटणारे दोन मालक होतात. कुणाचं नेट चालतं, कुणाचं नाही, रोज वेगळ्याचं. डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा. कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता कुणीच दिलेला नाही, केबल किंवा स्विचकडे बघा.

मग घ्यायचा कोणता

घरासाठी पाच पोर्टचा गिगाबिट. एक पोर्ट राउटरकडून येणाऱ्या केबलीला जातो, वापरायला चारच उरतात, हे मोजणीत धरा. टीव्ही, कॉम्प्युटर, वरच्या मजल्याचा वायफाय झाला की संपले. तीन मजली बंगला असेल तर आठचा. ऑफिसला आजची उपकरणं मोजून वर तीन-चार. खोक्यावर लिहिलेली 'स्विचिंग कपॅसिटी' आठ पोर्टच्या गिगाबिटला १६ जीबीपीएस असली की पूर्ण आहे, दोन्ही दिशांचे दोन धरून. २४ ला ४८. त्याहून मोठ्या आकड्याला भुलायचं कारण नाही. छोट्या ऑफिसात मॅक टेबल, म्हणजे कुठलं उपकरण कुठल्या पोर्टवर याची स्विचची यादी, चार हजार नोंदींचं की आठ हजारांचं, यानेही फरक पडत नाही. फरक पडतो तो ऑपरेटिंग टेंपरेचरने, पीओई बजेटने आणि बिलावर वॉरंटीचा शिक्का आहे की नाही याने. स्विचसोबत अडॅप्टरचीही वॉरंटी आहे का, तेही बिलावर लिहून घ्या. मला स्वतःला अडॅप्टर आतच असलेले, थेट पॉवर कॉर्डवाले स्विच आवडतात. त्यांना कुणी चुकीची पिन खुपसू शकत नाही.

अण्णांनी चौथा मुख्य स्विच घेतलाच नाही. तिसराच जिन्यात सुरळीत चालतोय, कपाटातल्या दोघांपैकी एक पॅकिंग विभागात लागला. खर्च झाला तो पीओई स्विचचा आणि शंभर मीटर तांब्याच्या केबलीचा.

एक काम मात्र राहिलंय. कारखान्यापासून मागच्या गोदामापर्यंत केबल हवेतून, तारेला बांधून नेलेली आहे. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, आणि वळिवाच्या पावसात वीज जवळपास पडली की दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. तिथे फायबर, म्हणजे वीज न वाहणारी काचेच्या धाग्याची केबल, टाकून दोन्हीकडे तिला साध्या केबलीशी जोडणारे मीडिया कन्व्हर्टर बसवा, एका धाग्याचे असतील तर एक ए आणि एक बी घ्या, दोन्ही ए आणले तर लागत नाहीत, हे सगळं मी दोनदा समजावून सांगितलंय. अण्णा म्हणतात, सीझन होऊ द्या. तोवर आभाळ भरून आलं की दिवाणजी हातातलं काम टाकून गोदामात धावतात आणि ती केबल उपसून ठेवतात.